चादरीचं दुसरं टोक

चादर सैल पडली, एवढंच झालं. जिथं ती ताठ राहायला हवी होती नेमकी तिथं सैल पडली आणि थोरली मागे गेली. पडताना माणूस ओरडतं म्हणतात, पण तिला ओरडायला सवड मिळाली नाही. आधी छत दिसलं, छतावरचा लांब दिवा, दिव्याच्या काचेत मरून पडलेल्या माश्या. मग उजव्या पायाखालची फरशी तिरकी झाली, घोट्याच्या बाहेरच्या अंगाला आत कुठंतरी ओला दोर करकरावा तसं काहीतरी ताणलं गेलं, आणि सगळ्यात शेवटी ती चादर तिच्या अंगावर हळूहळू, अगदी निवांतपणे येऊन पसरली. स्वच्छ, कोमट, साबणाच्या वासाची. त्या चादरीखाली ती पडून राहिली. बाहेर यंत्रं चालूच होती. कुणीतरी हसलं, कारण चादरीखाली पडलेलं माणूस दिसतंच तसं. मग धाकटीचा आवाज आला, "अगंबाई, ताई, निसटलं गं हातातून." आवाजात घाबरेपणा होता, पण तो शब्दांच्या मागून आला. आधी शब्द आले आणि मग त्यांच्या पाठोपाठ, थोडा उशीर झालेल्या माणसासारखा, तो घाबरेपणा आला. थोरलीने हे चादरीखालीच ऐकलं आणि तिथंच ते तिच्या मनात रुतून बसलं.

लाँड्री मोठी होती. हॉटेलांचे आणि दवाखान्यांचे कपडे तिथं धुवायला येत. चादरी तापल्या रोलरमधून बाहेर पडत तेव्हा त्यांच्या कडा वेड्यावाकड्या झालेल्या असत, एक कोपरा पुढे पळालेला, दुसरा मागे राहिलेला. तशी चादर घडी घातली तर घडी बसत नाही. म्हणून दोघी बायकांनी समोरासमोर उभं राहून चार कोपरे धरायचे आणि घडीआधी एक ताण द्यायचा. ताण म्हणजे नुसतं ओढणं नव्हे. दोघींनी एकदमच अंग मागे टाकायचं, सगळं वजन चादरीवर सोपवायचं, की कडा आपोआप सरळ होतात. तुम्ही पडत नाही, कारण समोरची पडत असते. नव्या मुलींना पहिल्या दिवशी सांगत, एक पाय मागे ठेव. जुन्या बायकासुद्धा बहुतेक एक पाय मागे ठेवूनच ताण देत. दोन्ही पाय जोडून ताण देणारी जोडी त्या लाँड्रीत एकच होती, थोरली आणि धाकटीची. पाय जोडले की वजन पुरं पडतं, कडा सुरीने कापल्यासारखी येते. मॅनेजरबाई बाहेरच्या लोकांना आणून दाखवायच्या. या दोघी जावा आहेत म्हटलं की लोक आणखी बघत राहायचे. घडीखात्यातल्या बायका म्हणायच्या, जावाजावांचं एवढं पटतं ते मध्ये चादर असते म्हणून. त्यावर सगळ्यांत मोठ्याने धाकटीच हसायची. ती लग्न होऊन आली तेव्हा थोरलीनेच तिला या कामाला लावलं होतं. पहिल्या दिवशी ती मागे झुकायला घाबरत होती, मानेतून ताठून उभी राहत होती, तेव्हा थोरली म्हणाली होती, "टाक अंग मागे. मी आहे ना इकडं." आणि तिने टाकलं होतं.

डॉक्टरांनी फोटो काढून बघितला. हाड शाबूत होतं. आतला बंध ताणला गेला होता, थोडा फाटलाही असेल, पण त्याचा फोटो येत नाही, ते म्हणाले. जे येत नाही त्याच्यावरच आपण उपचार करायचे. मग त्यांनी सुजेवर बोट दाबलं. बोटाचा खळगा बराच वेळ तसाच राहिला. "हिला शेक कुणी दिला?" त्यांनी विचारलं. नवरा म्हणाला, आमच्या धाकट्या भावजयीनं, रबराची पिशवी ठेवली होती गरम पाण्याची, हिला बरं वाटावं म्हणून. डॉक्टर म्हणाले, बरं वाटतं खरं, पण ताज्या मुरगळीला शेक म्हणजे सुजेला आमंत्रण. बर्फ लावा, कपड्यात गुंडाळून. पट्टी बांधा, पाय उंचावर ठेवा, आणि काही दिवस त्याच्यावर भार देऊ नका. थोरली त्या खळग्याकडे बघत होती. धाकटीने पिशवी किती जपून ठेवली होती. टॉवेलाची घडी करून, पायाच्या कडेला नीट टेकवून. तिला माहीत नसेल. थोरलीला तरी कुठं माहीत होतं. पण माहीत नसताना केलेल्या आणि माहीत असून केलेल्या गोष्टीने सूज सारखीच येते, आणि घोट्याला तरी त्यातला फरक कळत नाही.

घर तिसऱ्या मजल्यावर होतं, तीन खोल्यांचं. पुढच्या खोलीत खिडकीजवळ थोरलीची खाट, मागे स्वयंपाकघर आणि धाकटीची खोली. दीर बोटीवर कामाला होता, वर्षातून एकदा उगवायचा, नुसता झोपायचा आणि जायचा. नवरा बस डेपोत मेकॅनिक होता. तो सकाळी जायचा, धाकटी लाँड्रीत जायची, आणि थोरली दोन उशांवर पाय ठेवून आपल्याच पायाच्या अंगठ्याकडे बघत पडायची. इतक्या वर्षांत तिने आपला पाय असा कधी बघितला नव्हता. तो तिचा वाटतच नव्हता. घोट्याचं हाड सुजेत बुडून गेलं होतं आणि रंग तर रोज निराळा. आधी जांभळा, मग त्या जांभळ्याच्या कडेने हिरवा, मग पिवळट. रक्त आतल्या आत खाली उतरत बोटांपर्यंत गेलं होतं, जिथं काही लागलंच नव्हतं तिथंही काळं पडलं होतं. तिला त्याचं नवल वाटायचं. लागतं एकीकडे आणि काळं पडतं दुसरीकडे. नवरा सकाळी चहा देताना म्हणायचा, "राणीसाहेब, आज कुठला रंग?" आणि ती सांगायची. तो हसायचा. मग ती म्हणायची, "तिने कोपरे सोडले." तो म्हणायचा, "अगं निसटलं असेल. तिथं वाफ, हाताला घाम. माझ्या हातून पाना नाही निसटत?" ती म्हणायची, "पाना निसटला तर एका हातातून निसटतो. तिचे दोन्ही कोपरे एकदम सुटले." नवरा कपातला चहा फिरवत राहायचा. तो भांडणात न पडणारा माणूस होता. असा माणूस घरात असला की भांडण नेमकं कुठं ठेवावं हे कळत नाही, ते मग आपल्याच उशाला ठेवावं लागतं.

पट्टी धाकटी बांधायची. कामाला जाण्याआधी ती खाटेच्या पायथ्याशी बसायची, थोरलीची टाच आपल्या मांडीवर घ्यायची, आणि बोटांपासून सुरू करून एकावर एक वेढे देत वर चढायची. हात चांगला होता तिचा. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा बसायचा, एकही सुरकुती नाही. घडी घालणाऱ्या बाईचाच हात. "घट्ट होतंय?" ती विचारायची. "नाही." "मुंग्या आल्या तर सोड हं." "सोडेन." थोरली तिच्या भांगाकडे बघायची, कानामागच्या केसांकडे, खाली वाकलेल्या मानेकडे, आणि मनात म्हणायची, मी तुझा असा सूड उगवीन की तुला जन्मभर कळणार नाही तो कुठून आला. वर म्हणायची, "चहात साखर जास्त घातलीस आज." "भावोजींना लागते." "मला नाही लागत." "उद्या वेगळा करते." आणि दुसऱ्या दिवशी वेगळा चहा यायचा, अगदी बेताचा, आणि तो पिताना थोरलीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा, कारण नाव ठेवायला जागा उरायची नाही.

मग एका दुपारी, खाली रस्त्यावर कुणीतरी लोखंडी शटर ओढलं आणि त्या आवाजाने तिला पाय दिसला. आपला नव्हे, धाकटीचा. ताण द्यायच्या आधी थोरलीची नजर चादरीखालून सहज खाली गेली होती, आणि धाकटीचा डावा पाय मागे होता. काळ्या रबरी चपलेतला पाय, टाच जरा उचललेली, बोटं फरशीवर रोवलेली. ती उठून बसली. उशी खाली पडली. पाय मागे होता. इतक्या वर्षांत धाकटीने कधी पाय मागे ठेवला नव्हता, आणि त्याच दिवशी, त्याच चादरीला ठेवला होता. जिला मागे झुकायचंच नसतं ती पाय कशाला मागे नेईल? तर आपल्याला सोडून देता यावं म्हणून. सोडल्यावर आपण उभं राहावं म्हणून. पण मग दुसऱ्याच क्षणी वाटलं, हे खरंच दिसलं होतं की आता, पडल्यापडल्या, मी ते काढलं? तिने डोळे मिटून पुन्हा बघितलं. चप्पल दिसली. पुन्हा बघितलं. या वेळी चपलेचा पट्टाही दिसला, तो एका बाजूने झिजलेला होता. जितक्या वेळा बघावं तितकं चित्र अधिक स्पष्ट व्हायचं, आणि जितकं स्पष्ट व्हायचं तितकी तिला त्याची भीती वाटायची, कारण खऱ्या आठवणी अशा उजळत नाहीत, त्या मळत जातात. तरी तिने तो पाय सोडला नाही. तिला तो हवा होता.

त्याच सुमारास धाकटी एका संध्याकाळी दारातच थांबून बोलली. पिशवी खांद्यावरून न काढता. "ताई, आक्का जाताहेत या महिन्यात." आक्का म्हणजे घडीखात्याच्या हेड. कोण कुणाबरोबर उभं राहणार, कुठली गाडी आधी भरायची, कुठली चादर परत रोलरला जाणार, हे सगळं आक्का ठरवायच्या. त्या काम सोडून जाणार हे सगळ्यांना माहीत होतं, आणि त्यांच्या जागी दोघींपैकी एक हेही सगळ्यांना माहीत होतं. घरात मात्र त्याबद्दल कधी कुणी बोललं नव्हतं. "बाई म्हणाल्या," धाकटी म्हणाली, "तोवर तू सांभाळ. थोरल्या बऱ्या झाल्या की बघू." थोरलीने विचारलं, "मग तू काय म्हणालीस?" "मी काय म्हणणार? हो म्हणाले." "बरं केलंस." "तात्पुरतंच आहे गं." "तात्पुरतंच असतं सगळं," थोरली म्हणाली. "पाय धुऊन घे, दमली असशील." धाकटी आत गेली, मोरीत पाणी वाजलं. आणि थोरलीला वाटलं, आता हे पूर्ण झालं. एखादं गणित उलटं तपासून बघावं आणि तेवढंच उत्तर यावं तसं. जागा, मागे गेलेला पाय, सैल पडलेली चादर. ती कुणाला सांगणार नव्हती. सांगितलं की लोक हळहळतात, चार दिवस कुजबुजतात आणि तो राग सगळ्यांचा होतो, आपला उरत नाही. हा तिला एकटीला हवा होता. तिने ठरवलं ते अगदी साधं होतं. बरं व्हायचं. परत जायचं. समोर उभं राहायचं, पाय जोडून. धाकटी विश्वासाने मागे झुकेपर्यंत वाट बघायची, कितीही दिवस लागोत. आणि मग बोटं उघडायची.

त्या दिवसापासून ती झपाट्याने बरी होऊ लागली. दवाखान्यातली फिजिओथेरपीवाली मुलगी थक्क झाली. लहानखुरी, केस वर बांधलेली, बोलताना सतत पेशंटच्या पायाकडे बघणारी. ती म्हणाली, "काकू, दुखतं म्हणून हलवलं नाही तर सांधा आखडतो. दुखेल तिथपर्यंत जायचं, त्याच्या पलीकडे नाही." थोरलीने ते वाक्य जपून ठेवलं. टॉवेल तळव्याला अडकवून पाय आपल्याकडे ओढायचा, खिडकीचा गज धरून टाचा उचलायच्या, एका पायावर उभं राहायचं आणि मनात आकडे मोजायचे. सगळ्यात गमतीचा व्यायाम म्हणजे पाय हवेत धरून अंगठ्याने अक्षरं काढायची, अ पासून ज्ञ पर्यंत, म्हणजे घोटा सगळ्या दिशांना फिरतो. पहिल्या दिवशी तिने इमानाने मुळाक्षरं काढली. दुसऱ्या दिवसापासून ती शिव्या लिहू लागली. दुपारभर, रिकाम्या घरात, पंख्याखाली, अंगठ्याने हवेत ती धाकटीला एकेक विशेषण लावायची. काही शिव्या लहान पडायच्या, घोट्याला पुरेसा व्यायाम व्हायचा नाही, म्हणून ती लांब लांब वाक्यं लिहू लागली. ळ काढताना फार दुखायचं. जिथं ळ यायचा त्या शिव्या ती मुद्दाम घ्यायची. नवऱ्याने एकदा बघितलं, विचारलं, काय लिहितेस? ती म्हणाली, तुमचं नाव. तो खूश झाला.

सूज उतरली. हाड वर आलं, बेट पाण्यातून वर यावं तसं. पोटरी मात्र बारीक झाली होती, दुसऱ्या पायाशेजारी ती एखाद्या नातेवाइकाकडून मागून आणल्यासारखी दिसायची. आणि एक चमत्कारिक गोष्ट झाली. पाय बरा होत गेला तसं त्याचं दुखणं कमी होत गेलं, आणि दुखणं कमी झालं की तिला राग आठवावा लागायचा. सकाळी उठल्यावर काही क्षण तो नसायचाच. मग ती घोटा बाहेरच्या बाजूला वळवायची, जिथं अजून चिमटा बसायचा तिथपर्यंत, आणि राग यायचा. दुखेल तिथपर्यंत जायचं. धाकटी पट्टी बांधायला बसली की तिचा हात उबदार असायचा, तळव्याला बरं वाटायचं, आणि थोरलीला भीती वाटायची की हे असंच चाललं तर मी हिला माफ करून टाकीन, नुसत्या सवयीने. म्हणून एके दिवशी ती म्हणाली, "आता नको पट्टी. मी बांधते." धाकटी हातातली गुंडाळी धरून बसून राहिली. "माझं काही चुकलं का, ताई?" थोरलीने तिच्याकडे पुरं बघितलं. किती दिवसांनी. डोळ्यांखाली काळं होतं, जिथं काही लागलेलं नव्हतं तिथं. "तुझं काय चुकायचंय," थोरली म्हणाली. "मला जमायला हवं ना आता माझं मला."

ती कामावर परत गेली तेव्हा बायकांनी तिला खुर्ची दिली, पाय दाखव म्हणाल्या, एकीने स्वतःचा गुडघा उघडा करून दाखवला. मॅनेजरबाईंनी पाठ थोपटली आणि म्हणाल्या, "थोरल्या, सांभाळून हं आता. हेडचं काम धावपळीचं आहे, तुमच्या पायाला झेपायचं नाही. धाकट्या बघताहेत ते." म्हणजे तात्पुरतं संपलं होतं. थोरली हो म्हणाली. तिला त्याचं काही वाटलं नाही, तिचं लक्ष चादरींच्या गाडीकडे होतं. ती आपल्या जागेवर जाऊन उभी राहिली. समोर एक नवीनच लग्न झालेली, हसरी मुलगी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मी आहे हो तुमच्याबरोबर." थोरलीने मान वळवली. खात्याच्या टोकाला, आक्कांच्या बुटक्या टेबलापाशी धाकटी वाकून उभी होती, एकेका चादरीवर हात फिरवून डाग बघत होती. आणि तेव्हा थोरलीला कळलं. हेड घडी घालत नाही. आक्कांनी कधी घातली होती? इतक्या वर्षांत कधी त्यांच्या हातात कोपरे बघितले होते? धाकटी आता कधीच कुणासमोर उभी राहणार नव्हती. कधीच मागे झुकणार नव्हती. ज्या जागेसाठी तिने सोडलं त्याच जागेने तिला वाचवलं होतं. थोरलीच्या पायाखालची फरशी पुन्हा एकदा तिरकी झाली, पण या वेळी तिचा एक पाय मागे होता, आपण होऊन गेलेला. नवी मुलगी म्हणाली, "अय्या, तुम्ही तर पाय जोडून ताण देता म्हणे." थोरली म्हणाली, "ओढ."

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते तिला सांगता आलं नसतं. घोटा धरत होता. संध्याकाळी थोडा जड व्हायचा, जिना उतरताना कुरकुरायचा. तिने सूड शोधला, भाजीत खडा शोधावा तसा, रोज, प्रत्येक घासाला. धाकटीच्या टेबलाकडे मुद्दाम वेडीवाकडी घडी पाठवली. धाकटीने ती काही न बोलता पुन्हा घातली. थोरली बायकांसमोर म्हणाली, "हेडबाई, आम्हाला जरा पाणी प्यायला जाऊ द्याल का?" सगळ्या हसल्या, धाकटीही हसली आणि म्हणाली, "जा की गं, पण परत या." घरी तिच्याशी गोड बोलून बघितलं, न बोलून बघितलं. काहीच लागत नव्हतं. धाकटी कमी बोलायची, लवकर झोपायची, आणि दिवसभर त्या बुटक्या टेबलावर वाकलेली असायची. मोठ्ठा सूड हाताशी नसला की लहान सूड माणसाला लहान करतात. थोरलीला आरशात आपलं तोंड आंबट दिसू लागलं.

आणि मग एका सुट्टीच्या सकाळी धाकटी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. नवरा खाली सायकल पुसत होता, त्याची शीळ वर ऐकू येत होती. थोरलीने हाक मारली तर धाकटी नुसती मान न वळवता सगळी वळली, खांद्यांसकट, लाकडी बाहुलीसारखी. "मान धरलीय," ती म्हणाली. "सकाळी उठले तर हलवताच येईना." "कशानं?" "टेबल बुटकं आहे. दिवसभर खाली बघून बघून." थोरलीला हसू आलं, ते तिने गिळलं. धाकटी म्हणाली, "ताई, तुला येतं ना आता यातलं. बघ ना जरा." तिच्या डोळ्यांत पाणी होतं, ते दुखण्याचं होतं, दुसरं काही असेल तर ते थोरलीला बघायचं नव्हतं.

"झोप," थोरली म्हणाली. "उशी काढ. डोकं इकडं कर, कडेला."

धाकटी खाटेवर उताणी झोपली, डोकं कडेच्या बाहेर काढून. थोरली डोक्याच्या बाजूला स्टुलावर बसली आणि दोन्ही तळवे तिच्या डोक्याखाली घातले. फिजिओथेरपीवाल्या मुलीला तिने दवाखान्यात शेजारच्या खाटेवर एका म्हाताऱ्याच्या मानेला असं करताना बघितलं होतं. आधी चोळायचं नाही, ओढायचं नाही, पिळायचं तर मुळीच नाही. नुसतं डोकं हातात घ्यायचं आणि थांबायचं. डोक्याचा भार हातांवर आला की मानेच्या स्नायूंना कळतं की आता आपलं काम नाही, आणि ते आपोआप सुटतात. त्या म्हाताऱ्याचं डोकं असं सुटलं होतं की तो घोरू लागला होता.

केस उबदार होते, थोडे तेलकट. कानाखाली एक शीर उडत होती, तिचे ठोके थोरलीच्या करंगळीला लागत होते. इतक्या दिवसांचा राग एकदम तिच्या हातांत उतरला. आता हे असं समोर होतं, आपण होऊन आलेलं, चादर नाही, कोपरे नाहीत, बायका बघत नाहीत. एक झटका दिला तर ती किती दिवस उठणार नाही हे तिला ठाऊक होतं. नुसते हात काढून घेतले तरी डोकं खाली आदळेल. घोट्याचं हाड म्हणजे काय, मान म्हणजे काय. थोरलीने हात जागेवर ठेवले आणि म्हणाली, "डोकं सोड."

"सोडलंय," धाकटी म्हणाली.

"नाही सोडलंस."

हातांवर भार नव्हता. थोरलीला आधी कळेना काय होतंय. डोकं तळव्यांना टेकलेलं होतं, केस लागत होते, पण वजन येत नव्हतं. धाकटीने आपलं डोकं आपल्याच मानेने वर धरून ठेवलं होतं. दुखणारी, ताठलेली मान, दोन्ही बाजूंना दोऱ्या उभ्या राहिलेल्या, आणि तरी ती मान ते डोकं थोरलीच्या हातांच्या जेमतेम वर अधांतरी धरून होती.

"सोड ना."

"सोडते की गं. हे बघ." धाकटीने डोळे मिटले, श्वास सोडला. क्षणभर थोडं वजन आलं, आणि लगेच उडालं, तव्याला हात लागावा तसं. दोऱ्या पुन्हा उभ्या राहिल्या. हनुवटी थरथरू लागली. "होत नाहीये गं मला," ती म्हणाली. आवाज अगदी बारीक झाला होता. "मी सोडते, पण ते होत नाहीये."

थोरली त्या उलट्या चेहऱ्याकडे बघत राहिली. मिटलेले डोळे, पापण्यांच्या आत हलणारी बुबुळं. पाय मागे होता की नव्हता, या प्रश्नावर तिने किती दुपारी घालवल्या होत्या. आता तिला तो विचारावासा वाटला नाही. हातांनी काय करता येतं हे जिला आतून ठाऊक असतं तीच अशी धरून राहते. ती आता कुणाच्या हातात डोकं ठेवू शकणार नव्हती, दीर बोटीवरून येईल त्याच्याही, कधी म्हातारी झाली, आजारी पडली, तर उशाशी बसणाऱ्या कुणाच्याही. थोरलीने हे केलं नव्हतं. तिला फक्त हात खाली धरायचे होते.

खालून नवऱ्याने विचारलं, काही आणायचंय का. थोरली म्हणाली, काही नको. मग तिने स्टूल थोडं पुढे ओढलं, दोन्ही पाय जमिनीवर नीट टेकवले, आणि तळवे उघडून त्या डोक्याखाली तसेच ठेवले. काढून घेतले नाहीत, वरही उचलले नाहीत. मान अशी धरून ठेवली तर ती सुटत नाही, उलट आखडत जाते, हे तिला आता चांगलं कळत होतं.

"ताई, राहू दे," धाकटी म्हणाली. "आपोआप बरी होईल."

"छे गं. पडून राहा," थोरली म्हणाली. तिचा आवाज मऊ होता. "मला कुठं जायचंय. तू सोडेपर्यंत मी बसते."